दुचाकीवरच्या बाईच्या पायात काय?

(पेण आणि रोहा तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयपत्रिकेवर 'बूट' हा शब्द बघून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. मारहाण, रेशनकार्ड, सातबाऱ्यावर नाव, आणि मग एकदम बूट! पण जरा दाराबाहेर नजर टाका. आत येताना मी मोजदाद केली. आज अकरा जणी स्वतः गाडी चालवत आल्या आहेत. माझे बूट सोडले तर उरलेल्या दहांमध्ये सात जणींच्या सपाट चपला, दोघींचे टाचेचे सँडल, एकीचे पावसाळी प्लास्टिकचे. घोटा झाकणारं एकही पायताण नाही. हेल्मेट मात्र आठ जणींकडे आहे, कारण हेल्मेट नसलं की दंड होतो. म्हणजे डोक्याची काळजी पोलीस घेतात. पायाची काळजी कुणीच घेत नाही, आपणही नाही.

अकरा जणी गाडीवर आल्या, याचा आनंद आधी मानू या. लूना १९७२ मध्ये आली, ८०च्या दशकात बिनगिअरची कायनेटिक होंडा, ९०च्या दशकात स्कूटी, आणि २००० नंतर ॲक्टिव्हा. एकेक गाडी आली आणि बाईचा परीघ चार-चार मैलांनी वाढला. आपल्याकडे एसटी चुकली की दिवस गेला. खारेपाटातल्या गावाहून पेणच्या कोर्टात तारखेला यायचं, रोह्याच्या डोंगरातल्या वाडीवर मीटिंग घेऊन अंधाराआधी परतायचं, हे गाडीशिवाय आता जमणारं नाही. इथल्या तिघी-चौघी तर मोटारसायकल चालवतात. नवरा दुसऱ्या पाळीला कंपनीच्या बसनं जातो, गाडी अंगणात उभी, मग शिकल्या! घरातून विरोध झाला, तोही त्यांनी पचवला.

आता रस्त्याचं. पेण, वडखळ, नागोठणे, मग महामार्ग सोडून भिसे खिंडीतून रोहा. हा रस्ता आपल्या सगळ्यांच्या मणक्यांना पाठ आहे. पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं उलटली तरी रखडतच राहिलं. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. खड्डा पाण्यानं भरलेला, त्याची खोली कळत नाही. ट्रकच्या चाकांना चिकटून आलेला लाल चिखल, सांडलेली खडी, कुठं डिझेलचा तवंग. अशा ठिकाणी गाडी कलली की आपण काय करतो? पाय खाली टेकतो. ते कुणी शिकवावं लागत नाही, पाय आपोआप जातो. स्कूटरचं वजन शंभर किलोच्या वर. पाठीमागे पोर, पुढ्यात तांदळाची पिशवी. हे सगळं त्या एका पावलावर येतं, आणि त्या पावलात असते शंभर-दीडशे रुपयांची चप्पल. बरेचदा तीही नसते, कारण धक्क्याबरोबर आधी निसटते ती चप्पलच.

आपल्यातल्याच एका मैत्रिणीचं सांगते. नाव घेत नाही. ती इथंच बसली आहे आणि सांग असं तिनंच म्हटलंय. भिसे खिंडीत, जुलैमध्ये, दिवसाउजेडी. वेग जेमतेम पंचवीस. मागचं चाक चिखलावर सरकलं. डोक्याला हेल्मेट होतं, डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. डावं पाऊल मात्र फूटबोर्डच्या कडेखाली आलं आणि गाडीबरोबर दोन हात फरफटलं. घोटा दोन ठिकाणी मोडला, टाचेची कातडी सोलून निघाली. प्लेट बसवली, चार महिने जमिनीला पाय नाही. ती ज्या संस्थेचं काम करते तिथं पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर मिळतात. चार महिन्यांत किलोमीटर शून्य, म्हणून पेट्रोल शून्य, आणि मानधनही शून्य. पडल्यावर तुझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "साडी वर गेलीय का, ते चाचपलं."

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. हा मेलेल्यांचा हिशोब. आमची मैत्रीण 'गंभीर जखमी' या रकान्यात गेली. तिला आता भात लावायला वाकून उभं राहता येत नाही, हे त्या रकान्यातून कळायचं नाही.

कायद्यानं बाईच्या पायाचा विचार केलाय का, ते मी शोधलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागं माणूस बसायची सोय असलेल्या प्रत्येक मोटारसायकलला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. कशासाठी? मागं बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो, ते हेच. नियम चांगलाच आहे, त्यानं कितीतरी बायका वाचल्या असतील. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं बघा: एका बाजूला पाय सोडून मागं बसलेली, पदर सावरणारी बाई. हँडल धरलेली बाई त्याला दिसलीच नाही. दिल्लीत तर १९९९ मध्ये बायकांना हेल्मेटच ऐच्छिक करून टाकलं होतं. शीख स्त्रिया वगळता बाकीच्यांना ते पुन्हा सक्तीचं व्हायला २०१४ साल उजाडलं.

चपलेबद्दल मात्र २०१९ मध्ये मोठी आवई उठली होती. नव्या कायद्यात चप्पल घालून गाडी चालवली तर दंड आहे, असं गावागावांत पसरलं. शेवटी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयानं खुलासा केला की असा कुठलाही दंड नाही. आपण सुटकेचा निःश्वास टाकला. घोटा मात्र त्या खुलाशानं काही मजबूत झाला नाही. (हशा)

मग आपण बूट का घालत नाही? 'बायकांना कळत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. चप्पल घालण्यामागं पक्की कारणं आहेत. आशाताईंचंच घ्या. दिवसात पंधरा-वीस घरांत जायचं. प्रत्येक उंबऱ्याशी पायातलं काढायचं, निघताना घालायचं. लेस बांधायचे बूट असतील तर निम्मा दिवस वाकण्यातच जाईल. साडीखाली बूट दिसले की हसतात, "काय गं, पोलिसात लागलीस का?" सासऱ्यासमोरून बूट वाजवत जायचं म्हणजे काही घरांत आगाऊपणा ठरतो. पायातली वहाण आणि घरातली बाई यांना एका तागडीत घालणारी म्हण आपल्याकडे आहे, तुम्हांला ती माहीत आहे, मी ती इथं उच्चारणार नाही. आणि गावात कुणी पायताण घालून कुठवर जायचं याचे जातीचे नियम होते, ते आपल्यातल्या काहींच्या आज्यांनी भोगलेत. पायातल्या वस्तूला इतिहास असतो, बायांनो.

आणि जोडवी. यावर मला जरा थांबायचं आहे. चवडा झाकणारा कडक बूट घातला की जोडवी दुसऱ्या बोटाला टोचतात, तासाभरात फोड येतो. त्याहून वाईट म्हणजे मार लागून बोट सुजलं की जोडवं रुतून बसतं, रक्त अडतं, आणि मग ते कापून काढावं लागतं. म्हणून गाडी चालवताना पायात जोडवी नकोत. हे मी एका गावात सांगितलं तर दोघी उठून गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. जोडवं काढणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण ज्या विधवा मैत्रिणींची जोडवी जबरदस्तीनं उतरवली जातात, त्यांच्या बाजूनं आपण बोलतोच ना? मग ती कधी घालायची आणि कधी काढायची, हे बाईनं स्वतः ठरवायचं, एवढं तरी मान्य करू. बुटात पाय घालताना काढा, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवा, घरी गेल्यावर हवी तर घाला. ज्यांना काढायचीच नाहीत त्यांनी पातळ, सपाट वेढ्याची घ्या आणि बुटाचा चवडा रुंद निवडा. पैंजणाचंही तसंच. तो बुटाच्या आत दाबला गेला तर घोट्याला कापतो.

आता दुसरीकडे बघा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा डोलवीला कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटताना उभ्या राहा. पुरुषांच्या पायांत सेफ्टी शूज दिसतील. कारखान्यात पायावर काही पडू शकतं, हे मालकानं, सरकारनं, युनियननं सगळ्यांनी मान्य केलंय. त्यासाठी भारतीय मानकही आहे, आयएस १५२९८. त्याच्या दुसऱ्या भागातल्या बुटाची पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. सोप्या भाषेत, वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून बोटांवर पडलं तरी बोटं शाबूत राहतात. त्याच घरातली बायको दळण, पोर आणि सिलेंडरची पावती घेऊन त्याच रस्त्यावर चपलेत जाते. तिच्या कामाला काम म्हणत नाहीत. आशाताईंना तर कागदोपत्री 'स्वयंसेविका' म्हणतात. स्वयंसेविकेला कोण बूट देणार?

बरं, निवडायचे कसे ते सांगते. गाडी चालवण्यासाठी खास बनवलेल्या बुटांचं एक युरोपीय मानक आहे, ईएन १३६३४. आपल्याकडे चांगल्या दुकानांत ते लिहिलेले बूट मिळतात. आतल्या पट्टीवर मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र असतं आणि त्याखाली चार आकडे. पहिला बुटाच्या उंचीचा. दुसरा रस्त्यावर घासलं गेल्यावर बूट किती टिकतो त्याचा. तिसरा धारदार वस्तूनं कापलं जाण्याविरुद्धचा. चौथा आडव्या दाबाचा, म्हणजे गाडी बाजूनं पावलावर पडली तर तळवा किती चेपला जातो त्याचा. प्रत्येक आकडा एक किंवा दोन असतो, दोन म्हणजे जास्त मजबूत. आपल्यासाठी मला हा चौथा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपले अपघात वेगाचे कमी आणि गाडी पायावर पडण्याचे जास्त. नुसतं 'सीई' छापलेलं स्टिकर बघून भुलू नका, चित्र आणि आकडे शोधा.

असा बूट चार-पाच हजारांच्या आत क्वचितच मिळतो, हे मला माहीत आहे. म्हणून हातानं पारखायला शिका, कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल. बूट घोट्याच्या हाडाच्या वर गेला पाहिजे, ही पहिली अट. टाचेचा मागचा भाग आणि चवड्याचा पुढचा भाग अंगठ्यानं जोरात दाबा. खळगा पडला तर ठेवून द्या. तळवा दोन्ही बाजूंनी मुठीत धरून दाबा, मग ओल्या फडक्यासारखा पिळून बघा. चप्पल सहज पिळली जाते, बूट पिळला जाता कामा नये. पुढं वाकायला हवा, तोही चवड्यापाशी, मधोमध नाही. मग बूट घालून, पूर्ण बांधून, मैत्रिणीला टाच धरून ओढायला सांगा. निसटला तर अपघातातही निसटणार. ही परीक्षा दुकानदारासमोर करा, लाजू नका. तो हसेल, हसू दे.

लेस असतील तर त्यांची टोकं आत खोचायची सोय हवी. लोंबती लेस फूटरेस्टला किंवा किकला अडकली की उभ्या गाडीवरून माणूस पडतो. सगळ्यांत सोयीची आतल्या बाजूची झिप आणि वर वेल्क्रोची पट्टी: उंबऱ्याशी दोन सेकंदांत निघतो, दोन सेकंदांत चढतो. आशाताईंची अडचण तिथं सुटते. सोल रबरी, खाचांचा, तेलावर न घसरणारा असावा. बुटाची टाच बुटकी पण स्पष्ट असावी, म्हणजे फूटरेस्टवर पाय पक्का बसतो. उंच टाच कुठल्याही गाडीवर नको. ज्या मैत्रिणींचे पाय सीटवरून जेमतेम चवड्यावर टेकतात, त्यांना जाड सोलमुळे दीड-दोन सेंटिमीटर उंची मिळते. खड्ड्यात गाडी सावरताना तेवढा फरकही पुरतो.

मोटारसायकल चालवणाऱ्यांनी आणखी एक करा. गाडी घेऊनच दुकानात जा. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढं चवड्यानं आणि मागं टाचेनं दाबायचा गिअर असतो. जाड बूट त्या दोन पट्ट्यांत मावतो का, ते बसून बघा. मावत नसेल तर मेकॅनिक तो गिअर थोडा वर सरकवून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

सेफ्टी शूज चालतील का, असं नेहमी विचारतात. चपलेपेक्षा हजार पटींनी चालतील. हजार-दीड हजारात आयएसआयचे, घोट्यापर्यंतचे मिळतात. बोटं वाचतील, तळवा वाचेल. घोट्याला आतून वेगळं आवरण नसतं, आणि पुढची टोपी जाड असल्यानं गिअरखाली अडते. स्कूटरवाल्यांना ती अडचणही नाही. गमबूट मात्र नको. तो ढिला असतो, निसटतो, आणि त्याची कड पोटरीला घासते. रबर मऊ असल्यानं आतलं हाड काही वाचत नाही.

पावसाचं म्हणाल तर 'वॉटरप्रूफ' या शब्दावर कोकणात फार विसंबू नये. आपल्याकडे पाणी खालून कमी, वरून जास्त येतं. रेनकोटची पँट बुटाच्या आत खोचली की बुटाचा हंडा होतो. पँट नेहमी बुटाच्या बाहेर, वरून. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सकाळी काढा. चुलीजवळ ठेवलात तर चामडं तडकेल आणि चिकटवलेला सोल सुटेल. चामड्याला बुरशी धरते, ती कोरड्या फडक्यानं पुसून पॉलिश लावायचं. आणि फार उंच, फार ताठ बूट घेऊ नका. आपल्या वाड्यांवर डांबर संपतं तिथं गाडी लावून मैल-दीड मैल चढायचं असतं. चालता येणार नाही असा बूट दुसऱ्या आठवड्यात माळ्यावर जातो.

राहिला मापाचा प्रश्न, आणि इथं माझा खरा राग आहे. दुकानात गाडीचे बूट मागितले की सहा-सात नंबरापासून पुढं. आपल्या बायकांची पावलं बहुतेक चार ते सहा नंबरात बसतात. "मॅडम, दोन मोजे घाला," असं मला एका मोठ्या शहरातल्या दुकानात सांगितलं गेलं. दोन मोज्यांनी टाच घट्ट होत नाही, आतला पाय फक्त कुथतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली. आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात, असं त्यात दिसलं. म्हणजे परदेशी साच्यावरचा बूट लांबीला बसला तरी चवड्यावर आवळतो. मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जोरात असते, मुलांची पंधरा-सोळाव्या, हेही त्यातलंच. भारतीय मापांची 'भा' नावाची नवी पद्धत त्यावरून सुचवली गेली आहे. ती आपल्या बाजारात चपलेच्या पलीकडं बुटांपर्यंत कधी पोचते, ते बघू. अकराव्या वर्षी पाय वाढतो, आणि आपल्याकडे नेमकं त्याच वयात मुलीचं सायकलवर हुंदडणं थांबवतात, हे आपलं जाता जाता.

शहरांत चित्र थोडं हलतंय. २०११ मध्ये पुण्यात 'बायकर्णी' हा बायकांचा मोटारसायकल गट सुरू झाला. अशा गटांत हेल्मेट, जाकीट, बूट यांची चर्चा उघड होते. गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो आपण दरवर्षी बघतो. मलाही ते आवडतात. पण डोक्याला फेटा आणि पायात कोल्हापुरी असलेला तो फोटो पाहिला की माझं लक्ष आधी त्या पावलाकडे जातं. नऊवारीखाली बूट छान दिसतो हो, कासोट्यामुळे पाय मोकळाच असतो. सहावारीपेक्षा सोयीचं.

पैशांचं काय? माझं म्हणणं आहे, संस्थांच्या अंदाजपत्रकात 'प्रवास' या सदराखाली पेट्रोलच्या खालच्या ओळीत हेल्मेट आणि बूट येऊ देत. बाईला गाडीवर गावोगाव पाठवता, तर तिच्या पायाचा खर्च कामाचाच खर्च आहे. आपल्या स्वतःच्या संघटनेपासून सुरुवात करू. कार्यकारिणीत हा ठराव मी मांडणार आहे, तुमच्या सह्या हव्यात. आशा आणि अंगणवाडीच्या संघटनांच्या मागण्यांत रेनकोट असतो, छत्री असते. त्यांच्या प्रतिनिधी इथं आहेत, त्यांनी पुढच्या निवेदनात बूट हा शब्द घालावा, अशी विनंती. बचत गटांनी मिळून वीस-तीस जोड एकदम मागवले तर भावही उतरतो आणि चार-पाच नंबरचे साचे काढायला बनवणाराही तयार होतो.

त्यासाठी पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या पावलाचं माप आणायचं आहे. माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या कामानं पाऊल थोडं पसरतं. बुटात घालणार तोच मोजा घालून, कागदावर सरळ उभं राहून, वजन दोन्ही पायांवर. स्वतः वाकून काढू नका, माप चुकतं. मुलीला किंवा नवऱ्याला पेन्सिल धरायला सांगा. दोन्ही पावलांचं काढा, एक मोठं असतंच, बूट त्याच्या मापाचा घ्यायचा. कागदावर नाव, गाव, स्कूटर की मोटारसायकल, आणि जोडवी काढणार की ठेवणार, एवढं लिहा. माझे बूट दाराशी आहेत, पाच नंबर. ज्यांना बसतील त्यांनी आत्ताच घालून माझ्या गाडीवर अंगणात एक फेरी मारून या, किल्ली टेबलावर ठेवली आहे.